सहाव्या आऱ्याचं नाव

“हलू नका रे, पुढचं येतंय!” टिपकागद पुटपुटला आणि त्यानं पत्र्याला कान आणखी घट्ट चिकटवला.

पत्रा उन्हानं तापला होता. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती, पण तो तसूभरही हलला नाही. एकदा ऐकलेलं गाणं त्याच्या डोक्यात शाईसारखं शोषलं जायचं, म्हणून तर त्याला टिपकागद म्हणत.

कुंपणापलीकडच्या मैदानावर आनंदमेळ्याचा आकाशपाळणा उभा राहत होता. घणाच्या ठोक्यांमधून एका तरुण माणसाचा खणखणीत आवाज आला:

“कोण आली गं, कोण आली? माया आली!
धर गं माया, चाकाचा हात!”

धाड्! धाड्! दोन घाव बसले आणि उंचावरून दुसरा आवाज आला, “धरलाऽऽ!”

“माया!” भोंगा ओरडला.

“अरे, हळू! तुझ्या आवाजानं चाक पडेल,” मोजपट्टी म्हणाली. ती पत्र्याच्या फटीला डोळा लावून बसली होती. ऐकलेल्या गोष्टीवर तिचा निम्माच विश्वास असायचा, उरलेला निम्मा ती पाहून, मोजून ठेवायची. टोपणनाव तिला उगीच मिळालं नव्हतं.

सुट्टी लागल्यापासून त्यांच्या इमारतीत एकच वेड होतं. जिन्यावरची टोळी विरुद्ध गच्चीवरची टोळी: गाण्यांमध्ये येणारी माणसांची नावं कोण जास्त गोळा करतं? नाव गाण्यातच आलेलं हवं, किमान दोघांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं आणि फोनवर शोधलेलं अजिबात चालणार नाही, हे नियम. जिंकणाऱ्या टोळीला आकाशपाळण्याच्या पहिल्या फेरीत सगळ्यात पहिला पाळणा मिळणार होता. पाळण्यांची नवी छतं मोजपट्टीच्या आत्यानं शिवून दिली होती. त्या खुशीत मेळ्याच्या मॅनेजरनं तिला पहिल्या पाळण्याची जागा देऊ केली होती, आणि आत्यानं ती पैजेला लावली होती.

आज शेवटचा दिवस होता. जिनावाले पाच नावांनी मागे होते. आणि आता हे गाणं सापडलं होतं, ज्याच्या ओळीओळीत एक नाव!

“मोना आली!” पलीकडून आवाज आला. घाव. “धरलाऽऽ!”

“कोण आली गं, कोण आली?”

आणि गाणं थांबलं.

मोजपट्टीनं फटीतून पाहिलं. गाणारा खाली मान घालून उभा होता. घण उचललेला माणूस घण तसाच खाली ठेवत होता. मग गाणाऱ्यानं घसा खाकरला आणि पुढची ओळ धरली, “कोण आली गं, कोण आली? सोना आली!”

सोनानंतर शीला आली आणि गाणं संपलं. टिपकागदानं बोटांवर मोजलं. “तारा, लीला, नीना, माया, मोना, सोना, शीला. सात! आपण पुढे गेलो!”

“मधे एकदा नुसतंच विचारलं, ‘कोण आली?’ उत्तरच नाही दिलं,” मोजपट्टी म्हणाली.

“विसरला असेल,” भोंगा म्हणाला. “चल आत्याकडे!”

“ताई, माझं नाव आलं का गाण्यात?” मोजपट्टीचा धाकटा भाऊ मागून तिची बाही ओढत होता. ती जाईल तिथं हा मागोमाग, म्हणून तो शेपूट. डोक्यावर कायम लाल टोपी.

“शेपटाचं गाणं अजून कुणी लिहिलेलं नाही,” भोंगा म्हणाला.

मोजपट्टी मात्र अजून चाकाकडे बघत होती. चाकाला आठ आरे होते.

आत्या शिलाई मशीनवर वाकली होती. गच्चीवाल्यांची म्होरकी, वकील, आधीच तिथं स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

टिपकागदानं गाणं म्हणून दाखवलं. मधल्या रिकाम्या ओळीसकट. त्याला गाळता यायचंच नाही काही.

“हरकत आहे,” वकील म्हणाली. “गाणं अर्धवट आहे. प्रश्न विचारलाय, उत्तर नाही. अर्धवट गाण्यातली नावं कशी धरायची? उद्या तुम्ही एकेक शब्द ऐकून याल.”

“तुझं आपलं काहीतरीच!” भोंगा तापला.

आत्यानं मशीनचं चाक थांबवलं. “तिचं म्हणणं बरोबर आहे. सगळं गाणं आणा, सगळी नावं मिळतील. पाचला मेळा सुरू होतोय, त्याच्या आत.”

“तोपर्यंत पाळण्याची जागा?” भोंग्यानं विचारलं.

“शेपूट, तू जाऊन रांगेत पहिला उभा राहा,” मोजपट्टी म्हणाली. “कुणी काही म्हणालं तर सांग, आत्याची जागा धरलीय. आम्ही आलोच.”

शेपूट टोपी सावरत धावला. एवढी जबाबदारीची कामगिरी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

मैदानात सगळा गोंधळ होता. कर्ण्यांवर गाणी लागली होती आणि दर मिनिटाला कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं. सकाळी गाणारा, चाकाचे भाग जोडणारा तरुण जोडारी पिंपावर बसून हात पुसताना सापडला.

“दादा, तुमच्या गाण्यातलं सहावं नाव कोणतं?” मोजपट्टीनं सरळ विचारलं.

जोडारीदादाचा हात थांबला. “तुम्हाला काय करायचंय?”

“पैज आहे.”

“ते नाव सोडून काहीही विचारा.”

“बरं,” मोजपट्टी म्हणाली. “मग गाणं कशासाठी म्हणता?”

या प्रश्नावर तो जरा खुलला. “गाणं म्हणजे आमचं कामच. एकेका आऱ्याला एकेक नाव. नाव घेतलं की त्या आऱ्याचं टोक चाकाच्या कड्याला जोडायचं, मधून ही एवढी जाड पिन ठोकायची. वरचा माणूस पिन हातानं हलवून बघतो. नाही हलली, की ओरडतो, ‘धरला!’ मगच पुढचं नाव. आणि गाणं चालू असताना मोटरला कुणीही हात लावायचा नाही. गोल पुरा झाल्याशिवाय किल्लीसुद्धा आत राहता कामा नये. आकाश कोसळलं तरी.”

“मग आज एक नाव घेतलंच नाहीत, ते का?”

जोडारीदादानं आवाज उतरवला आणि डोळ्यांनीच पलीकडे खूण केली. मोटरशेजारी एक म्हातारे गृहस्थ तेलाची बुधली घेऊन बसले होते. पाठ ताठ, नजर कुठेतरी लांब.

“मोटरवाले आजोबा. गाणं त्यांनीच बांधलंय. मेळ्यात काम केलेल्या बायकांची नावं आहेत सगळी. ते सहावं त्यांच्या बायकोचं. तिकिटं द्यायची ती. दोन-तीन महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून आजोबांनी गाणं सोडलं, आणि आम्ही ते नाव सोडलं. त्यांच्यासमोर कसं घ्यायचं, सांग.”

तिघंही आजोबांच्या नजरेआड सरकले. भोंगासुद्धा.

मग मोजपट्टीच्या मनात काहीतरी टोचलं. “पण दादा, नाव घेतलं नाही, तर त्या आऱ्याची पिन कुणी ठोकली?”

“ती मुकादम बसवतात. गुपचूप, आमचं आटपलं की. मागच्या सगळ्या गावांत तेच चढले.”

“आज चढले?”

“चढलेच असतील.”

“तुम्ही पाहिलंत?”

जोडारीदादा हसला, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. “आज गाणं संपतासंपता मॅनेजरनं त्यांना जनरेटरकडे पळवलं खरं... थांब, विचारतो मी.” तो उठला. पण दहा पावलं गेला नाही तोच मॅनेजरनं त्याला हाक मारली आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, झुलत्या होडीच्या साखळ्या तपासायला पिटाळलं.

जनरेटरच्या खोलीतून धूर आणि गुरगुर बाहेर येत होती. मुकादम अर्धे त्या यंत्राच्या पोटात होते. मोजपट्टीनं तीनदा ओरडून विचारलं तेव्हा आतून उत्तर आलं, “पिन? वरच्या माणसाला सांगितलं होतं मी! त्यानं घातली असणार! जा बघू इथून, भाजाल!”

वरचा माणूस तिकीटखिडकीशी दोर बांधत होता. “मी? छे. ती मुकादमांची पिन. मी हात नाही लावत.”

मोजपट्टी जागच्या जागी उभी राहिली.

“दोन शक्यता आहेत,” ती म्हणाली. “एक, पिन कुणीतरी घातलीय आणि या दोघांना माहीत नाही. दोन, प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्यानं घातली.”

“आपण मॅनेजरला सांगू,” टिपकागद म्हणाला.

मॅनेजर फीत, फुगे आणि माईक यांच्यामध्ये सापडला. त्यानं त्यांचं बोलणं निम्मंच ऐकलं. “चाक सकाळी फिरवून पाहिलंय, समजलं? तीन फेऱ्या. कुरकूरसुद्धा नाही. तू कोण, इंजिनिअर?”

“नाही. पण रिकामं फिरवलंत ना? माणसं बसल्यावर...”

“पोरांनो, अजून एक शब्द बोललात तर मैदानाबाहेर काढीन. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.”

‘ते दिसतंच आहे,’ असं भोंगा म्हणणार होता. टिपकागदानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“पिन आहे की नाही, ते आधी बघायला हवं,” मोजपट्टी म्हणाली. “खालून दिसत नाही, छतं आड येतात. उंचावरून दिसेल.”

उंच जागा एकच होती. गच्ची.

“शत्रूच्या मुलखात?” भोंगा म्हणाला.

वकील गच्चीच्या दारातच आडवी आली. मोजपट्टीनं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. वकीलबाई एकदाही मधे बोलल्या नाहीत, हेच आश्चर्य. मग ती आत गेली आणि बाबांची दुर्बीण घेऊन आली.

सूर्य चाकाच्या मागे कलला होता. मोजपट्टीनं कठड्यावर कोपर टेकवले म्हणजे दुर्बीण हलणार नाही, आणि एकेक आरा पाहत गेली. आऱ्याच्या टोकाशी पिनेचं गोल डोकं, काळं, भरीव. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. प्रत्येकाला ती थोडा वेळ देत होती, घाई न करता.

सहाव्याशी ती थांबली.

तिथं काळं डोकं नव्हतं. तिथं उजेडाचा एक ठिपका होता. भोकातून आरपार आभाळ दिसत होतं. आणि आऱ्याचं टोक कड्याला हिरव्या दोरानं बांधलेलं होतं. आरे वर चढवताना तात्पुरते बांधतात, पिन बसली की सोडतात, तसला दोर. बाकी सगळीकडचे दोर सोडलेले होते.

“तू बघ,” तिनं दुर्बीण वकीलच्या हातात दिली. “मला काय दिसलं ते सांगणार नाही. तुला काय दिसतं ते सांग.”

वकीलनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. “भोक,” ती म्हणाली. “आणि दोर.” मग दुर्बीण खाली सरकली. “अगं, पण पाच वाजायचेत ना अजून? ते तर बसवायला लागले.”

मोजपट्टीनं दुर्बीण हिसकावून घेतली. फाटक उघडलं होतं. मुलं रांगेनं आत जात होती आणि पहिल्या पाळण्यात, एकटीच, एक लाल टोपी बसली होती.

जागा धर म्हणून तिनंच पाठवलं होतं त्याला.

जिना ती कशी उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. मैदानात शिरले तेव्हा पाळणे भरत चालले होते. एक भरला की चाक जरासं फिरवायचे आणि पुढचा खाली आणायचे. शेपटाचा पाळणा आता दोन माणसं उंचीवर होता. तो ताईला पाहून हात हलवत होता. त्याच्या वर, कुठेतरी, तो हिरवा दोर ताणला जात होता.

“आजोबा! थांबवा!” मोजपट्टी कठड्याशी जाऊन ओरडली. पण कर्ण्यांचा दणदणाट आणि मोटरची घरघर यांच्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. मोटरवाले आजोबा पाठमोरे होते. फाटकावरच्या माणसानं तिचा दंड धरला. “रांगेतून ये गं.”

तिनं चहूकडे पाहिलं. या गोंगाटात एकच आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. कर्ण्यांचा. आणि कर्ण्यांचा माईक मॅनेजरच्या टेबलावर होता.

“दादा काय म्हणाला होता?” ती टिपकागदाकडे वळली. “गाणं चालू असताना मोटरला हात लावायचा नाही.”

टिपकागदाला कळलं. “एवढ्या लोकांसमोर मी नाही गाणार.”

“तो आहे ना वर.”

टिपकागदानं लाल टोपीकडे पाहिलं आणि मान हलवली.

“मॅनेजर माझ्याकडे,” वकील म्हणाली आणि निघालीसुद्धा. “काका, तुमच्या फलकावर लिहिलंय, मेळा पाचला सुरू. आत्ता पाच वाजलेले नाहीत. मग ही फेरी कुठल्या नियमात बसते? आणि लहान मुलाला एकट्याला पाळण्यात बसवायचं नाही, हेही तुमच्याच फलकावर आहे. वाचून दाखवू?”

“अगं पण तू...” मॅनेजर फलकाकडे वळला.

भोंग्यानं माईक उचलला. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात आवडता क्षण असायला हवा होता, पण त्याची नजर वरच्या लाल टोपीवर होती. त्यानं कर्ण्यांवरच्या गाण्याचं बटण बंद केलं आणि पोटापासून गर्जना केली, “सगळे शांऽऽत!” मग माईक टिपकागदाच्या तोंडापुढे धरला.

टिपकागदानं डोळे मिटले.

“कोण आली गं, कोण आली? तारा आली!
धर गं तारा, चाकाचा हात!”

बारीक, थोडा कापरा आवाज सगळ्या मैदानावर पसरला. झुलत्या होडीच्या शिडीवरून जोडारीदादानं दचकून मान वळवली. त्याची नजर पहिल्या आऱ्याच्या टोकाला गेली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “धरलाऽऽ!”

मोजपट्टी फक्त मोटरकडे पाहत होती. आजोबांचा हात दांड्यावर होता. गाणं कानावर पडताच तो हात विस्तव लागल्यासारखा मागे आला. मोटर बंद झाली. आजोबांनी किल्ली काढली आणि गळ्यात अडकवली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. हातांनाच ते माहीत होतं.

“ए, माईक ठेव खाली!” मॅनेजर धावला. पण वकील मधे उभी होती, आणि आता जनरेटरमागून मुकादमही तेलकट हात पुसत बाहेर आले होते आणि तोंड उघडं टाकून ऐकत होते.

लीला. नीना. माया. मोना. दर नावाला मेळ्यातली माणसं हातातलं काम टाकून वर बघत होती आणि उत्तर देत होती. “धरलाऽऽ!”

“कोण आली गं, कोण आली?”

टिपकागद थांबला. पुढचं नाव त्याला ठाऊकच नव्हतं. ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मुकादमांनी मान खाली घातली. जोडारीदादा शिडीवरच खिळला. सगळे त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघायचं टाळत होते.

आजोबा उभे राहिले.

“रेवा आली,” ते म्हणाले. मग तेच सुरात, जड पण स्वच्छ आवाजात, “रेवा आली! धर गं रेवा, चाकाचा हात!”

उत्तर आलं नाही.

आजोबांनी वाट पाहिली. “का रे?” ते म्हणाले. “उत्तर का नाही?” आणि त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. चाक फिरल्यामुळे आता छत आड येत नव्हतं. सहाव्या आऱ्याच्या टोकाशी हिरवा दोर तारेसारखा ताणला होता आणि त्याचा एक पीळ उलगडत चालला होता.

“मोटर नाही,” आजोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण सगळे पळत आले. “हातानं उतरवायचं. उलटं. इंच इंच. पोरांनो, पाळण्यात कुणी हलायचं नाही. गंमत आहे, पुतळा पुतळा. जो हलला तो बाद.”

जोडारीदादा, वरचा माणूस, फाटकावरचा माणूस, सगळ्यांनी कड्याला हात घातले. मॅनेजरनं फीत टाकून दिली आणि तोही कड्याला भिडला. मुकादम दोराच्या बाजूला उभे राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होते, जणू चाकालाच समजावत होते. वरून हिरव्या धाग्यांचा एक पुंजका तरंगत खाली आला. शेपूट वर पुतळा होऊन बसला होता, गाल फुगवून, एक हात हवेत.

पाळणा जमिनीला टेकला. तिनं त्याला उचललं आणि सोडेचना.

“ताई, मी हललो नाही. तूच हलवतेयस,” शेपूट म्हणाला. “मी बाद नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. तिनं त्याची टोपी सरळ केली.

सगळी मुलं उतरली. मग मुकादम स्वतः पिन घेऊन चढले. खाली माणसं गोळा झाली होती.

“मी म्हटलं वरच्यानं घातली,” मुकादम वरूनच म्हणाले. “माझं सांगणं त्याला ऐकूच गेलं नव्हतं, त्याला वाटलं मी घातली. चूक माझी. नाव घ्यायला जीभ रेटली नाही, आणि नाव नाही तर...”

“आजोबा, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गाळत होतो आम्ही,” जोडारीदादा म्हणाला.

आजोबा बुधलीचं झाकण उगीचच फिरवत राहिले. “इतकी गावं झाली,” ते म्हणाले, “तिचं नाव कुणी घेतलं नाही. मला वाटलं, तुम्ही विसरलात तिला.”

मग आजोबांनीच घसा साफ केला आणि पुन्हा सूर धरला. रेवा आली. धाड्! धाड्! मुकादमांनी पिन हलवून पाहिली, एकदा, दोनदा.

“धरलाऽऽ!”

मॅनेजर मोजपट्टीसमोर येऊन उभा राहिला. त्याचा शर्ट घामानं चिकटला होता. “मघाशी मी तुला इंजिनिअर आहेस का म्हणून विचारलं होतं,” तो म्हणाला. “चूक झाली. ऐकून घ्यायला हवं होतं. उद्यापासून गाणं पुरं झाल्याशिवाय फाटक उघडणार नाही.”

आत्या धापा टाकत आली तेव्हा सगळं ऐकून तिनं चौघांच्या पाठीवर एकेक धपाटा घातला. तिची शाबासकी अशीच असायची. टिपकागदाला तिनं दोन दिले.

“आता निकाल,” आत्या म्हणाली. “वकीलबाई, हरकत?”

वकीलनं दुर्बीण गळ्यात नीट केली. “गाणं पुरं आहे. आठवं नाव किमान दोघांनी ऐकलेलं हवं. ते अख्ख्या मैदानानं ऐकलं. हरकत नाही.”

“पण मग तुम्हीही ऐकलंत की,” मोजपट्टी म्हणाली. “ते नाव तुमचंही झालं. पाळण्यात जागा चार जणांची आहे. शेपूट मांडीवर बसेल.”

दिवे लागले. आजोबांनी गळ्यातली किल्ली काढून हातात घेतली. पण ती मोटरला लावण्याआधी ते शेपटाकडे वाकले. “तुझं नाव काय रे, टोपीवाल्या?”

“शेपूट. पण माझं नाव कुठल्याच गाण्यात नाही.”

आजोबांनी चाकाकडे पाहिलं, जरा विचार केला आणि सुरू केलं, “कोण आलं गं, कोण आलं? शेपूट आलं!”

“ताई! ऐकलंस ना? धर, मोज!”

“हरकत आहे,” पाळण्यात बसताबसता वकील म्हणाली. “टोपणनाव चालत नाही.”

आजोबांनी किल्ली लावली आणि चाक फिरू लागलं.